पडलेल्या आंब्यावरचं बाशिंग : बारा तुकड्यांची पाच वर्षं

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि खाली दापोली तालुक्यात आमच्या घरामागचा रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. पणजोबांच्या काळातलं झाड होतं. पण त्या आठवड्यात एका झाडाचं दुःख करत बसायला कुणाला सवड नव्हती. आगरातल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या, घरावरची कौलं उडाली होती, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. टाळेबंदीतला ई-पास काढून मी पुण्याहून गावी पोचले तेव्हा महिना संपत आला होता. दादाने लाकूडवाल्याशी व्यवहार ठरवून टाकला होता. दोन दिवसांनी खोडाला करवत लागणार होती.

त्या आंब्यावर बाशिंग होतं, झाडांवर वाढणारा एक नेचा. पहिल्या बेचक्यापासून वर दहा-बारा फुटांपर्यंत, खोडाला वेढे घालत गेलेलं. लहानपणापासून ते मी फक्त खालून, मान वर करून पाहिलं होतं. आता ते माझ्या गुडघ्याच्या उंचीवर आलं होतं. आंब्याची पानं करपून गळली होती, बाशिंगाला मात्र काहीच झालेलं नव्हतं. पावसात भिजून ते नवे कोंब काढत होतं.

ते वाचवायचं ठरवलं. त्याचे बारा तुकडे झाले, ते वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या पद्धतीने लावले आणि एका वहीत नोंदी ठेवत गेले. काही तुकडे उत्तम वाढले, काही कुजले, काही माझ्याच हातून मरता मरता वाचले. बाशिंग घरी लावू पाहणारी जी माणसं मला नंतर भेटली ती बहुतेक त्याच जागी चुकली होती जिथे मी आणि वहिनी चुकलो, म्हणून चुकांचा भाग इथे जरा लांबला आहे.

बांडगूळ की बाशिंग

"ते बांडगूळ आहे गं, कशाला जपतेस?" हे दादाचं पहिलं वाक्य. आंबा बागायतदाराच्या तोंडी ते साहजिकच आहे. खरं बांडगूळ कलमांचं फार नुकसान करतं. ते आपली मुळं फांदीच्या आत घुसवतं, झाडाचं पाणी आणि त्यातले क्षार ओढून घेतं, आणि मग पुढची फांदी वाळत जाते. म्हणून बांडगूळ दिसलं की ते फांदीसकट छाटतात, आणि त्या भरात बाशिंगही खरवडून खाली टाकलं जातं.

मी दादाला खोडाजवळ नेलं आणि बाशिंगाचा एक वेढा अलगद उचलून दाखवला. त्याची मुळं सालीला वरून चिकटली होती, सालीच्या भेगांत शिरली होती, पण साल फोडून लाकडात एकही गेलं नव्हतं. शिवाय आंबा पडून तीन आठवडे झाले होते. त्याचा रस पिऊन जगणारी वनस्पती असती तर तीही एव्हाना सुकायला हवी होती. दादाला हे दुसरं कारण लगेच पटलं.

बाशिंग हा एक नेचा आहे. झाडाकडून तो फक्त बसायला जागा घेतो; वनस्पतिशास्त्रात अशांना अपिवनस्पती म्हणतात. सह्याद्रीत, कोकणात, गोव्यात आणि पुढे केरळपर्यंत तो दिसतो, तसाच श्रीलंकेत, आग्नेय आशियात आणि उत्तर ऑस्ट्रेलियातही. झाडांवर वाढतो तसा ओल्या कातळावर आणि जांभ्याच्या जुन्या भिंतींवरही वाढतो. त्याचं शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया. अलीकडे काही अभ्यासक त्याला अ‍ॅग्लाओमॉर्फा या प्रजातीत घालतात. क्वर्सिफोलिया म्हणजे ओकसारख्या पानाचा. हे विशेषण स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये दिलं. त्याच्या साठ वर्षं आधी, १६९३ मध्ये, 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या बाराव्या खंडात या नेच्याचं चित्र मलयाळी नावाने छापलं गेलं होतं. (त्या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं नागरी अक्षरातलं निवेदन पहिल्या खंडात आहे. इथे त्याची गरज नाही, पण मला त्याचा अभिमान वाटतो, म्हणून सांगितलं.) तमिळनाडूत कोल्लीच्या डोंगरात लोकांना याचं लोकरी खोड बोकडाच्या पायासारखं दिसलं, तिथे त्याला मुडवाट्टुकाल म्हणतात आणि त्याचं सूप करून पितात. आपल्याकडे मात्र लोकांची नजर पानांवर गेली. नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग बांधावं तशी ती कडक, कातरलेली पानं बुंध्याला बांधल्यासारखी उभी असतात.

ही उभी पानं नीट समजली की बाशिंग वाढवणं समजलं.

या नेच्याला दोन प्रकारची पानं येतात. एक, हिरवी, लांब देठाची, दोन-तीन फुटांची आणि खोल कातरलेली. त्यांच्या पाठीवर तांबूस ठिपके असतात, त्यांत बीजाणू. दुसरी, बिनदेठाची, वीतभर लांब, खोडाला खेटून वर तोंड करून बसलेली. यांना मी घरट्याची पानं म्हणते. ती थोडेच दिवस हिरवी असतात. मग तपकिरी होतात, जाड कागदासारखी कडक होतात, आणि मेल्यानंतरही वर्षानुवर्षं जागची हलत नाहीत. ती आणि झाडाची साल यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. वरून पडणारी वाळकी पानं, सालीचा भुसा, पाखरांची शीट, मेलेल्या मुंग्या, धूळ असं सगळं त्या खिशात साठतं, कुजतं आणि त्याचं काळं, भुसभुशीत खत होतं. बाशिंगाची मुळं वळून त्याच खतात शिरतात. फांदीवर माती नसते. बाशिंग ती स्वतः जमवतं आणि सांभाळतं. हिरव्या पानांचंही असंच काही आहे. कोरड्या दिवसांत त्यांचे खंड एकेक करून गळतात आणि मधली शीर काडीसारखी उभी राहते. या काड्यांची जाळी होते आणि तिच्यातही पाचोळा अडकतो.

मी हे तेव्हा वाचलेलं होतं. तरीही पुढे जे करायचं नव्हतं तेच केलं.

काढणी

पहिला तास हात न लावता गेला. लांब काठीने वेढे ठोकले तेव्हा त्यांतून दोन गोमी, मुंग्यांचं अख्खं घर अंड्यांसकट आणि एक लहान विंचू बाहेर पडला. बाशिंगाच्या खिशात कोण राहत असेल ते सांगता येत नाही, त्यामुळे पडलेल्या झाडावरचं असो की भिंतीवरचं, हात घालण्याआधी ठोकून थांबावं. आमच्याकडे जाड हातमोजे नव्हते, गोणपाट गुंडाळून काम केलं.

खोड दोन बोटं जाड, आतून मांसल आणि बाहेरून तपकिरी लवेने मढलेलं. त्याचं एक टोक वाढत असतं. तिथली लव सोनेरी आणि मऊ लागते. सुरी उकळत्या पाण्यात बुडवून घेतली आणि वीत-दीड वीत लांबीचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला एक वाढतं टोक, आणि त्याच्या मागे निदान दोन-तीन घरट्याची पानं, त्यांतल्या खतासकट. जिथे जमलं तिथे खालची साल पत्र्यासारखी सोलून तुकड्याबरोबरच घेतली, म्हणजे मुळं तुटत नाहीत. लांब हिरवी पानं निम्मी छाटली. मुळं सैल झालेली असताना एवढ्या पानांना पाणी पुरवणं तुकड्याला झेपत नाही. एक दिवस पडवीत सावलीला ठेवले, कापलेल्या जागा सुकल्या, आणि दुसऱ्या दिवशी लावले.

चार तुकडे फणसावर, दोन गडग्यावर, तीन वहिनीने कुंड्यांत, तीन पुण्याला.

फणस आणि गडगा

फणसावरच्या चारांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण त्यांनी काही मागितलंच नाही. तुकडा खोडाला आडवा धरला, घरट्याच्या पानांची तोंडं वर, वाढतं टोक मोकळं. मागे नारळाच्या सोडणाची एक चकती आणि दोन जागी सुंभाने आवळून बांधलं. सुंभच घ्यावा. प्लास्टिकची दोरी कुजत नाही, खोड जाड होऊ लागलं की त्यात रुतते. सुंभ दोन पावसाळे टिकतो, आणि मुळांना साल धरायला एक पावसाळा पुरतो. सप्टेंबरमध्ये हात लावून पाहिलं तर चारही तुकडे पक्के बसले होते.

पुढच्या एप्रिलमध्ये पश्चिमेकडच्या दोनांतला एक वाळला. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर येत होतं. त्याच बाजूचा दुसरा वाचला, कारण तो बेचक्यात होता आणि तिथे आधीच पाचोळा साठलेला होता. उत्तरेकडचे दोन्ही उत्तम आहेत. लावल्यापासून या चारांना आम्ही हाताने एक तांब्याही पाणी घातलेलं नाही. नोव्हेंबर ते मे दव सोडलं तर काही नाही, आणि जून लागला की पुन्हा हिरवे.

गडग्यावरचे दोन जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत, शेवाळ होतं तिथे खोचले. दोन्ही जगले, पण सावकाश. त्यांची पानं फणसावरच्यांच्या निम्मी राहिली. भिंतीवर वरून पाचोळा पडत नाही हे कारण असावं असं मला वाटतं.

वहिनीच्या कुंड्या

वहिनीच्या हाताला यश आहे. ती जे पुरते ते उगवतं. बाशिंगाचं खोड हातात घेऊन ती म्हणाली, "हे तर हळदीच्या गड्ड्यासारखंच आहे," आणि तीन कुंड्यांत लाल माती, शेणखत घालून तिने ते तीन बोटं खोल पुरलं. मी तिथेच होते आणि काही बोलले नाही. मलाही तेव्हा वाटलं की चांगल्या मातीत निदान बिघडणार तरी काय.

गणपतीपर्यंत दोन काळे पडले. माती उकरली तर खोडाचा लगदा झाला होता आणि वास येत होता. तिसऱ्याचं मागचं अंग कुजलं होतं, टोक मात्र अजून घट्ट होतं. कुजलेला भाग पार पांढऱ्या, कोरड्या गाभ्यापर्यंत कापून टाकला आणि उरलेला चार बोटांचा तुकडा चिकूच्या खोडाला बांधला. तो आजही आहे.

हळदीचा गड्डा जमिनीत राहायलाच घडलेला असतो. बाशिंगाचं खोड उघड्यावर, वाऱ्यात वाढतं; त्याच्या मुळांना पाणी मिळावं, पण लगोलग निचरून हवाही मिळावी. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा जून-जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत कुंडीतली माती कधी निथळतच नाही. खोड मातीखाली असेल तर ते गुदमरतं आणि मग बुरशी उरलेलं काम करते. झाडांवर एवढाच पाऊस झेलणारं बाशिंग कधी कुजलेलं दिसत नाही, कारण पाऊस थांबल्यावर तासाभरात ते निथळलेलं असतं. कुंडी चालते, पण तिच्यात माती नको, आणि खोड वर उघडं हवं. पुण्याच्या तिसऱ्या तुकड्याने हे दाखवून दिलं.

पुण्यातली साफसफाई

पुण्यात आमची बाल्कनी पूर्वेची, तिसऱ्या मजल्यावर. पाऊस सातशे मिलिमीटरच्या घरात, आणि फेब्रुवारीपासून हवा अगदी कोरडी. गावापेक्षा सगळंच उलटं.

पहिला तुकडा तारेच्या टांगत्या टोपलीत. टोपलीला आतून सोडणं लावली आणि त्यात सोडणाचे बोटभर तुकडे, लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि अर्धवट कुजलेली आंब्याची पानं भरली. माती अजिबात नाही. वर तुकडा आडवा ठेवला आणि वाकवलेल्या तारेच्या दोन आकड्यांनी दाबून बसवला. दुसरा तुकडा आंब्याच्या सालीसकट एका लाकडी फळीवर. तिसरा पसरट मातीच्या कुंडीत, टोपलीतल्याच मिश्रणावर, खोड वर ठेवून. तिन्ही ऑक्टोबरपर्यंत छान रुळले.

मग दिवाळी आली. बाल्कनी आवरताना टोपली आणि फळी मला कळकट दिसली. पुढून हिरवी पानं, आणि मागे ती फाटकी तपकिरी पानं, त्यांत काळा कचरा. कात्री घेतली आणि दोन्हींची घरट्याची पानं मुळापासून कापली. खिशातलं खतही झटकून टाकलं. कुंडी तुळशीच्या मागे होती, ती राहून गेली. स्वच्छ बाशिंगाचा फोटो काढून मी दादाला पाठवला. त्याने उत्तर दिलं, "बरं दिसतंय." मलाही बरंच वाटत होतं.

परिणाम कळायला पुढचा पावसाळा यावा लागला. २०२१ च्या जुलैत कुंडीतल्या बाशिंगाने पाच हिरवी पानं काढली आणि दोन नवी घरट्याची. टोपलीतल्याने दोन काढली, हातभर. फळीवरच्याने एकच, बोटाएवढं. एकाच खोडाचे तिन्ही तुकडे, एकच बाल्कनी, एकाच हाताचं पाणी. न ठरवता झालेला हा प्रयोग माझ्या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान आहे. मी कचरा म्हणून जे टाकलं ती त्याची पाच-सात वर्षांची जमवलेली माती होती, आणि कापलेली पानं हे त्या मातीचं भांडं होतं.

आजही कुणाच्या घरी बाशिंग पाहिलं आणि त्याच्या मागचा भाग चकचकीत स्वच्छ दिसला की मला राहवत नाही, मी बोलतेच. तपकिरी पान मेलेलं असतं, पण ते कामावर असतं.

भरपाई करायला दोन वर्षं लागली. सोडणाची अर्धी वाटी खोडाच्या मागे तारेने बांधून खोटा खिसा केला. त्यात दर महिन्याला मूठभर अर्धी कुजलेली पानं दाबत गेले. आंबा, जांभूळ, जे मिळेल ते, सोबत सालीचे तुकडे. वर्षातून एकदा, जूनमध्ये, मूठभर गांडूळखत. रासायनिक खत मी घालत नाही. एवढ्याशा खतात त्याचे क्षार साचतात आणि मुळांची टोकं करपतात. २०२२ च्या पावसात टोपलीतल्याने पहिलं घरट्याचं पान काढलं. फळीवरच्याला २०२३ उजाडावं लागलं. आता टोपली तिघांत सगळ्यात भरलेली आहे, खोडाने तारेच्या कडेवरून उतरून खालच्या बाजूने वेढा घातला आहे.

पानगळ

मार्च २०२१ मध्ये कुंडीतल्या बाशिंगाची हिरवी पानं पिवळी पडून खंडाखंडाने गळू लागली. मी घाबरले. उन्हाळा आहे, झाडाला पाणी कमी पडतंय असं वाटून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले. तीन आठवड्यांत वाढतं टोक मऊ आणि काळं झालं.

कोरड्या ऋतूत पानं टाकणं हा या नेच्याचा नेहमीचा क्रम आहे. पानं नसली की पाणी उडून जायची जागाच राहत नाही, खोड आपल्या साठ्यावर पाऊस येईपर्यंत थांबतं. अशा वेळी त्याला रोज भिजवलं तर ते पाणी वापरणारं कुणी नसतं. मी काळं टोक कापलं, पाणी तोडलं, आणि जूनच्या अखेरीस खोडाच्या बाजूने नवा डोळा फुटला. टोक गेलं तरी खोड घट्ट असेल तर आशा सोडू नये.

तेव्हापासून मी पानांकडे पाहून पाणी घालत नाही, खोड दाबून पाहते. टणक असेल तर ठीक. सुरकुतलं असेल तर तहान आहे. मऊ असेल आणि वास येत असेल तर कापायची वेळ. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत चार-पाच दिवसांनी एकदा, सकाळी, खिशातला पाचोळा ओलसर होईल एवढंच पाणी. पावसाळ्यात बाल्कनीत पाऊस येत नसेल तर एक दिवसाआड भरपूर, आणि ते निथळून गेलंच पाहिजे. बाल्कनीत ओलावा टिकत असेल तर काही वेळा बाशिंग वर्षभर हिरवं राहतं. तेही चालतं, मुद्दाम पानगळ घडवायची गरज नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात. सकाळी दहापर्यंतचं ऊन त्याला मानवतं, दुपारचं नको. घरात, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवाल तर ते मरत नाही पण वाढतही नाही. मी एकदा चार महिने ठेवून पाहिलं. किडीचा त्रास कमीच. पुण्यात हिवाळ्याच्या शेवटी पानांच्या मधल्या शिरेवर खवले कीड येते, ती जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडून काढते. तेलाची फवारणी मी एकदा केली आणि कोवळी पानं डागाळली. नेच्यांना तेलकट औषधं सोसत नाहीत. गावी गोगलगायी पावसात कोवळी टोकं खातात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.

दुसऱ्यांना द्यायचं कुठून

टोपली भरल्यापासून ओळखीतली माणसं बाशिंग मागतात. तुकडे करून किती जणांना देणार? आणि नाही दिलं तर काही जण जंगलातून उपटून आणतात, हे मी पाहिलं आहे. या खोडाला औषध म्हणूनही मागणी आहे. एक मोठा वेढा व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि तो खरवडायला पाच मिनिटं. शिवाय त्याच्यासोबत त्याच्या खतावर मुळं टाकून बसलेल्या आमरी (ऑर्किड) आणि लहान नेचेही जातात. देवराईतल्या झाडावरचं बाशिंग देवाचं आहे असं जुनी माणसं म्हणत, ते मला पुरेसं कारण वाटतं. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही काढणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. वादळात पडलेलं, रस्तारुंदीत तोडलेलं, लाकूडवाल्याकडे निघालेलं झाड दिसलं तर मात्र मालकाला विचारून जरूर उतरवून घ्यावं. आमचा अनुभव असा की कुणी नाही म्हणत नाही.

म्हणून बीजाणूंपासून रोपं करायचं मनावर घेतलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये फणसावरच्या एका पानाचे ठिपके गडद तपकिरी झाले होते. पानाचा एक खंड तोडून कोऱ्या कागदावर ठिपक्यांची बाजू खाली करून ठेवला, वर वही झाकली. दोन दिवसांनी कागदावर बारीक पूड पडली होती, तपकिराहूनही बारीक. झाकणाच्या पारदर्शक डब्यात चाळलेला सोडणाचा भुसा आणि विटेची भुकटी दाबून बसवली, त्यावर उकळतं पाणी ओतलं, झाकण लावून पूर्ण गार होऊ दिलं. हे उकळतं पाणी चुकवू नये, नाहीतर बीजाणूंच्या आधी बुरशी आणि शेवाळ डबा बळकावतात. मग कागद वर धरून बोटाने हलकेच टिचकी मारली, झाकण लावलं आणि डबा उन्हापासून दूर, उजेडात ठेवला.

तीन आठवडे काही नाही. मग हिरवट झाक. फेब्रुवारीत भिंग लावल्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढे, हृदयाच्या आकाराचे चपटे पापुद्रे दिसू लागले. हे अजून नेचे नव्हेत. यांच्या खालच्या अंगाला नर आणि मादी पेशी तयार होतात आणि एकीकडून दुसरीकडे पोहून जायला पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून त्या दिवसांत उकळून गार केलेलं पाणी आठवड्यातून एकदा बारीक फवारत होते. मे २०२४ मध्ये पापुद्र्यांतून पहिली खरी पानं वर आली. ती साधी, सलग, न कातरलेली होती. बाशिंग म्हणून कुणी ओळखलं नसतं; डब्यात वेगळाच नेचा उगवला की काय अशी मलाही शंका आली. लहानपणी या नेच्याची पानं अशीच असतात, कातर पुढे येते.

डब्याचं झाकण एकदम काढायचं नसतं. रोज थोडं थोडं सरकवत महिनाभरात काढलं, तरी निम्मी रोपं गेली. उरलेल्यांतली एकोणीस सोडणाच्या तुकड्यांवर बसवून बाल्कनीच्या खालच्या फळीवर, टोपलीच्या सावलीत ठेवली. पाच गावी नेली, त्यांतली दोन दादाने स्वतःच्या हाताने एका जुन्या कलमाच्या बेचक्यात बांधली. बांडगूळ काढणाऱ्या गड्यांना तो आता दोन्ही झाडं शेजारी शेजारी दाखवतो.

२०२५ च्या जूनमध्ये बाल्कनीतल्या एका रोपाने पहिलं घरट्याचं पान काढलं. अंगठ्याच्या नखाएवढं, अजून हिरवं. त्याच्या मागे मी आंब्याच्या वाळक्या पानाचा चिमूटभर चुरा ठेवला आहे.